पडवीतला फेंडर: गाडीचा पत्रा घरी स्प्रेने रंगवताना

पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की कोकणातल्या गाड्यांची दुखणी वर येतात. चाकाच्या कमानीवर रंगाखाली फोड दिसतो, नखाने टोकरलं की पोपडा सुटतो आणि आत तांबूस गंज. गॅरेजमध्ये एवढ्याशा कामासाठी गाडी चार-चार दिवस अडकते. मग मनात येतं, हे घरी करून बघावं. जरूर बघावं. फक्त पहिल्या खेपेला बॉनेट किंवा टपाच्या वाटेला जाऊ नका. आडव्या पत्र्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि बारीकशी खोटही डोळ्यात भरते. पुढचा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, घ्या. बहुतेक गाड्यांत तो बोल्टवर बसवलेला असतो, खोलून पडवीत आणता येतो, आणि आकाराने आवाक्यातला असतो. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्ड केलेला असतो, तो गाडीवरच रंगवावा लागतो. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

मी शिकत होतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ रंग निवडण्यात घालवला आणि सगळ्यात कमी घासण्यात. व्हायला हवं होतं नेमकं उलट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक हात) मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा. इतका पातळ थर खालचा खड्डा बुजवू शकत नाही, ओरखडा झाकू शकत नाही. उलट चकाकी आली की खालचं सगळं जास्तच उठून दिसतं. म्हणून या लेखात रंगाआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

कोणता रंग घ्यायचा

जुने पेंटर गाडीच्या रंगाला अजून ‘ड्युको’ म्हणतात. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं ते नाव. त्याआधी गाडीला ब्रशने एकावर एक हात द्यायचे आणि ते वाळायला आठवडे जायचे. ड्युको गनने मारता येई आणि झटपट वाळे. कंपनीचं नाव मागे पडलं, शब्द मात्र आपल्या गॅरेजांत आणि फर्निचरच्या कामात टिकला.

आज घरी काम करणाऱ्यासमोर दोन वाटा आहेत. एक वन-के: त्यातलं थिनर उडून गेलं की रंग वाळतो, हार्डनर लागत नाही. दुकानातले साधे स्प्रे कॅन बहुतेक याच जातीचे. दुसरी टू-के, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन): त्यात हार्डनर मिसळायचा आणि रासायनिक क्रियेने थर कडक होतो. चकाकी, टिकाऊपणा, पेट्रोल सांडलं तरी न विरघळणं, या सगळ्यात टू-के सरस आहे. तरीही घरासाठी मी वन-केच सांगतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे करताना उडणारे त्यांचे सूक्ष्म थेंब श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही धाप लागते. वासावरून धोका ओळखता येत नाही. म्हणून व्यावसायिक बूथमध्ये बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क वापरतात. तोंडाला रुमाल बांधून हेच काम करणारी पोरं दिसतात तेव्हा मला राहवत नाही, थांबून सांगतो. बुडाशी बटण दाबून सुरू करायचे ‘टू-के’ स्प्रे कॅन मिळतात, त्यांतही बहुधा हाच हार्डनर असतो. कॅन लहान आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. टू-के क्लिअरच हवं असेल तर घासणं, प्रायमर, रंग घरी करा आणि क्लिअर बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. त्याच्या क्लिअरखाली कोणता बेस, म्हणजे खालचा रंग, चालेल हे मात्र आधी त्यालाच विचारा.

वन-के वापरतानाही थिनरची वाफ असतेच. कार्बन कार्ट्रिज आणि धुळीचा फिल्टर असलेला अर्धा मास्क, डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे. कापडी मास्क वाफ अडवत नाही. आणि थिनरची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरातला गॅस, गॅस गीझर, देवघरातली समई हे सगळं काम सुरू करण्यापूर्वी बंद आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. घरातल्यांना सांगून ठेवा.

रंगाचा कोड गाडीवरच असतो: दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा कंपनीने लावलेल्या पट्टीवर. ‘पांढरा द्या’ असं सांगून रंग आणू नका, एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. कोड जुळला तरी दहा वर्षं उन्हात उभी असलेली गाडी मूळ रंगाची राहिलेली नसते. पत्र्याच्या एका तुकड्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर असे सगळे हात मारा, वाळू द्या आणि उन्हात दाराला लावून बघा. ओला रंग किंवा झाकणाचा रंग बघून ठरवू नका. मोठ्या फेंडरला प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन कॅन हाताशी ठेवा. मधेच संपला तर मधेच थांबावं लागतं, आणि त्या थांबण्याची खूण राहते.

जागा आणि हवा

पडवी, पोर्च, तीन बाजूंनी आडोसा असलेली शेड चालते. बंद खोली नको, उघडं अंगणही नको. आदल्या दिवशी जळमटं काढा, झाडून घ्या. रंगवायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे पायाने धूळ उडणार नाही. पंखा लावू नका. फेंडर दोन तारांनी टांगा किंवा घोड्यावर असा बांधा की गाडीवर असतो तसाच उभा राहील आणि तुम्हाला त्याच्या दोन्ही टोकांपलीकडे हात नेता येईल. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत झाडाखाली काम करू नका. चिकट थेंब आणि चिलटं दोन्ही पडतात.

हवा दमट असेल तर वन-के रंग पांढुरका पडतो. थिनर भराभर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगात अडकते. म्हणून जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर हे काम टाळावं. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे दिवस उत्तम. त्यातही सकाळी दहा ते एक: दव सुकलेलं असतं आणि दुपारचा खारा वारा अजून सुटलेला नसतो. देशावर हिवाळ्यात हवा कोरडी असते, पण पहाटेचा पत्रा फार गार असतो. तो हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. उलट एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. २० ते ३० अंशांच्या दरम्यान काम सुखाचं होतं.

धुणं, मग घासणं

हा क्रम उलटा करू नका. पत्र्यावर मेण, पॉलिश, टायर चकचकीत करायचा स्प्रे असं काहीतरी असतंच. ते न काढता पेपर (सँडपेपर) मारला तर ते ओरखड्यांत घुसतं आणि पुढे रंगात गोल गोल खळगे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसा. दोन फडकी घ्या: एकाने ओलं लावायचं, दुसऱ्या कोरड्याने ते वाळण्याआधी उचलायचं. एकाच फडक्याने फिरवत राहिलं तर तेल इकडचं तिकडे होतं, निघत नाही. खोबरेल लावलेल्या केसांवरून हात फिरवून तोच हात पत्र्याला लावला, एवढ्यानेही रंग फाटतो. या दिवशी केसांना तेल नको.

आता गंज. ८० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. काळे ठिपके उरले तर तारेचा ब्रश आणि गंज मारायचं द्रावण वापरा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आरपार गेलं तर लांबी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पुट्टी, भरून उपयोग नाही, तिथे वेल्डिंगच हवं.

उघडा पत्रा आणि जुना रंग यांच्या सीमेवर एक पायरी असते. तीच नवशिक्यांना नडते. १२०, १८०, २४०, ३२० असे पेपर क्रमाने घेऊन ती पायरी इतकी उतरती करा की बोट फिरवल्यावर कुठे रंग संपला ते कळू नये. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढतो. मधला नंबर गाळला तर ते ओरखडे तसेच राहतात आणि पंधरा दिवसांनी, रंग पूर्ण आटला की, वर दिसायला लागतात.

जुना रंग कुठल्या जातीचा आहे हेही आताच बघा. फडक्याला थिनर लावून कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा. फडक्यावर रंग उतरला तर कुणीतरी पूर्वी वन-के मारलेला आहे, आणि नव्या रंगातलं थिनर त्याला सुरकुत्या पाडू शकतं. तो थर काढून टाकलेला बरा.

लांबी पोचा भरायला. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के. जास्त घातला तर लवकर आवळते एवढंच नाही, त्याचा डाग पुढे रंगातून वर येऊ शकतो. एका वेळी पाच मिनिटांत लावून होईल तेवढीच कालवा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ द्या. लांबी पाण्याने घासू नका. अनेक ठिकाणी घासतात, धूळ उडत नाही म्हणून. पण लांबी सच्छिद्र असते, पाणी पिते, आणि ते पाणी पत्र्यापाशी जाऊन बसतं. सहा महिन्यांनी आलेल्या फोडांचं मूळ पुष्कळदा इथे असतं. कोरडीच घासा, धुळीचा मास्क लावा.

पेपर नुसत्या बोटांनी धरू नका. बोटांखाली जोर पडतो तिथे चर पडतात. रबरी ठोकळा घ्या. तो नसेल तर जुन्या हवाई चपलेचा सपाट तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा, फेंडरच्या गोलाईवर तो छान वळतो. घासण्याची दिशा तिरपी ठेवा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

आणि तपासायचं हाताने. प्रायमर नसलेल्या पत्र्यावर डोळा फसतो: राखाडी, तांबूस, मूळ रंग असे ठिगळाचे रंग दिसतात आणि चढउतार दिसत नाही. डोळे मिटा, तळहात सपाट ठेवा, मधे पातळ सुती कापड घ्या आणि फेंडरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कापडामुळे हात अडत नाही आणि उंचवटा स्पष्ट कळतो. पाव मिलिमीटरचा खोलगट भागही तळहाताला सापडतो. मी हे दिवसातून तीन-चार वेळा करतो, आणि दर वेळी काही ना काही सापडतंच.

बंपर रंगवत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यावर साधा प्रायमर धरत नाही. आधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर मारा. नाहीतर पहिल्या प्रेशर वॉशमध्ये रंग सालपटासारखा निघेल.

प्रायमर आणि काळी धूळ

उघड्या धातूवर गंजरोधक प्रायमर, त्यावर भरीव सर्फेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरून काढणारा जाड प्रायमर, दोन-तीन हात, दर दोन हातांमध्ये दहा मिनिटं. पूर्ण वाळल्यावर एक युक्ती: काळ्या रंगाचा कॅन दूर धरून अगदी विरळ फवारा मारा, पत्र्यावर काळी धूळ बसल्यासारखी दिसेल एवढाच. ती वाळली की ठोकळ्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर लावून घासा. उंच भागावरचं काळं लगेच जातं, खोलगट भागात राहतं. जिथे काळं उरलं तिथे अजून काम आहे. उरलेलं काळं काढायला बोटाने घासत बसू नका. त्याने काळं जाईल, खड्डा तसाच राहील. पुन्हा प्रायमर, पुन्हा काळी धूळ, पुन्हा ठोकळा.

शेवटी ८०० ने पाण्यात घासून घ्या. कुठे पत्रा उघडा पडला, विशेषतः कडांवर, तर तिथे पुन्हा प्रायमर. ही पायरी संपते तेव्हा फेंडर राखाडी असतो, मंद असतो, पण ट्यूबलाइटखाली तिरपा धरला की प्रकाशाची रेघ न मोडता जायला हवी. ती मोडत असेल तर रंग मारू नका.

रंगाचे हात

पत्रा पुन्हा दोन फडक्यांनी पुसा, मग चिकट फडक्याने, म्हणजे टॅक रॅगने, हलकेच धूळ टिपा. गाडीवरच काम करत असाल तर झाकायला वर्तमानपत्र नको. थिनर त्यातून पाझरतं आणि शाई उतरते. जाड खाकी कागद घ्या.

कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हाताला गरम लागेल असं पाणी नको आणि कॅन आचेवर तर कधीच नको. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. कोमट कॅनमधून फवारा बारीक आणि एकसारखा निघतो. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा, घड्याळ लावून.

अंतर एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. फवारा फेंडरच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. नोझल दाबताना आणि सोडताना ठिपके पडतात, ते पत्र्यावर नकोत. हात मनगटातून वळवू नका. मनगट वळलं की मधे जाड आणि टोकांना विरळ बसतं. खांद्यातून, सबंध हाताने, पत्र्याच्या गोलाईला समांतर जा. मीटरभर लांबीला तीन सेकंदांच्या आसपास. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. नोझल न दाबता हात जुन्या दारावर किंवा पुठ्ठ्यावर दहा वेळा फिरवून बघा, मग खरा.

पहिला हात विरळ, खालचा प्रायमर दिसत राहील असा. तो झाकायचा मोह सगळ्यांना होतो आणि पहिले ओघळ तिथेच येतात. दहा मिनिटांनी दुसरा, किंचित ओला. मग तिसरा. नजर फवाऱ्यावर ठेवू नका, नुकत्याच मारलेल्या पट्ट्यात दिव्याचं प्रतिबिंब कसं दिसतंय ते बघा. प्रतिबिंब खरखरीत दिसलं तर तुम्ही दूर आहात किंवा भरभर जाताय. ते तरंगायला, हलायला लागलं तर फार जवळ आहात, पुढच्या क्षणी ओघळ येईल. या दोन्हींच्या मधली जागा हाताला एकदा कळली की ती विसरत नाही. हातांमध्ये किती वेळ सोडायचा हे कॅनवर छापलेलं असतं. काही रंगांना ‘तासाभरात, नाहीतर थेट दोन दिवसांनी’ अशी अट असते, आणि मधल्या वेळात मारलं तर सुरकुत्या पडतात.

मेटॅलिक रंग, त्यातही चंदेरी, पहिल्या कामाला घेऊ नका. त्यातली अॅल्युमिनियमची चमकी कशी पडते त्यावर छटा ठरते: ओला हात पडला की गडद, कोरडा पडला की फिका. घ्यावाच लागला तर शेवटचा हात जरा दुरून, विरळ आणि आडवा-उभा असा मारा म्हणजे ढगाळ डाग मोडतात. आणि मेटॅलिक बेसवर क्लिअरच्या आधी पेपर मारू नका. चमकीचे कण कापले जातात आणि तो डाग क्लिअरखाली कायमचा राहतो.

गन वापरणाऱ्यांसाठी थोडं. रंग आणि क्लिअरला १.३ ते १.४ मिलिमीटरचं नोझल, सर्फेसरला १.६ ते १.८. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनला ट्रिगर दाबलेला असताना सुमारे २ बार. बंद गनवरचा आकडा धरू नका. घरगुती लहान कॉम्प्रेसर पंक्चर आणि टायरपुरता असतो. मोठ्या गनला लागणारी हवा तो सलग देऊ शकत नाही, फेंडरच्या मध्यावर दाब पडतो आणि तिथून पुढे रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. लहान टाकीला लहान गनच लावा. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि टाकीच्या बुडाचं पाणी रोज काढायचं. दमट दिवशी किती निघतं ते बघून आश्चर्य वाटेल.

क्लिअर

रंगाचा शेवटचा हात मंद झाला, हाताला चिकटेनासा झाला की कॅनवरच्या वेळेत क्लिअर. पहिला हात हलका, पुढच्या हाताला पकड मिळावी म्हणून. दहा मिनिटांनी दुसरा, ओला. मग तिसरा, तेवढाच ओला. पुढे घासून पॉलिश करायचं आहे, म्हणून थर हवा. कडांवर मात्र हात जरा लवकर न्या. ओघळ नेहमी चाकाच्या कमानीच्या कडेवर जमतो. डास किंवा केस पडला तर ओल्यात काढायला जाऊ नका. तो वाळू द्या, पेपरने सहज जातो. ओघळ आला तरी तेच.

मग थांबा. हे मला सगळ्यात कठीण जातं. वन-के क्लिअर तासाभरात कोरडं वाटतं, पण आत मऊ असतं. निदान आठवडाभर फेंडर सावलीत, कुणाचा हात लागणार नाही असा टांगून ठेवा. नखाने आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर दाबून बघा. खूण उमटली तर आणखी थांबा.

घोटून चकाकी आणणं

बादलीत स्वच्छ पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. १५०० चा वॉटर पेपर पंधरा मिनिटं भिजवून ठेवा. ओघळ असेल तर आधी फक्त त्यावर, लहान कडक ठोकळ्याने. मग सबंध पृष्ठभाग, हलक्या हाताने. सारखं पुसून बघा: चमकणारे बारीक ठिपके म्हणजे संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागाचे खळगे. ते जवळजवळ गेले की थांबा. शेवटचा एखादा ठिपका घालवायच्या नादात क्लिअर पार होतं. पाण्यात पेपरवर रंगाची छटा उतरली तर थांबाच, क्लिअर संपलं आहे. कडांना आणि पत्र्यावरच्या उठावाच्या रेषेला मास्किंग टेप लावून ठेवा, तिथला थर सगळ्यात पातळ असतो. पुढे २०००, मग ३०००. फेंडर एकसारखा धुरकट दिसेल. घाबरू नका.

आता रबिंग कंपाउंड, मऊ सुती कापडावर किंवा फोमच्या पॅडवर. मशीन असेल तर कमी वेगावर, एका जागी न थांबता. वन-के क्लिअर उष्णतेने मऊ होऊन ओढलं जातं. हाताला पॅनल गरम लागलं की दुसरीकडे वळा. धुरकटपणा जाऊन ट्यूबलाइटची कड धारदार दिसली की झालं. मेणाचं पॉलिश महिनाभर लावू नका, उरलेलं थिनर बाहेर पडू द्या.

फेंडर परत बसवण्याआधी त्याची आतली बाजू बघा. चाकाने उडवलेला चिखल कमानीच्या आतल्या दुमडीत साचतो, ओला राहतो आणि गंज तिथूनच बाहेरच्या रंगाखाली सरकतो. ती दुमड खरवडून, धुऊन, वाळवून तिला प्रायमर आणि वर अंडरबॉडी कोटिंग द्या. पाण्याला वाट म्हणून ठेवलेली भोकं बुजवू नका. बोल्ट बसवताना वायसरखाली रंग चिरतो, त्या प्रत्येक बोल्टभोवती ब्रशने थोडा रंग लावून घ्या.